वसंतराव नाईक

वसंतराव फुलसिंग नाईक (१ जुलै १९१३ – १८ ऑगस्ट १९७९) हे महाराष्ट्रातील राजकारणी, प्रशासक आणि शेतकरी होते. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ या काळात ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. राज्याच्या इतिहासात सलग अकरा वर्षांहून अधिक काळ हे पद भूषविणारे ते एकमेव मुख्यमंत्री होत. संकरित बियाण्यांचा प्रसार, चार कृषी विद्यापीठांची स्थापना, मृदसंधारण व सिंचनाची कामे, कापूस एकाधिकार खरेदी आणि रोजगार हमी योजना हे त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाचे निर्णय मानले जातात. त्यांना महाराष्ट्रातील हरितक्रांतीचे प्रणेते म्हटले जाते. त्यांची जयंती, म्हणजे १ जुलै, राज्यात कृषी दिन म्हणून साजरी केली जाते.

नाईक यांच्या कृषी धोरणाचे यश आणि त्याच्या मर्यादा मराठवाड्यात, विशेषतः बीडसारख्या कोरडवाहू व अवर्षणप्रवण जिल्ह्यात, स्पष्टपणे दिसून आल्या.

पार्श्वभूमी आणि बालपण

नाईक यांचा जन्म यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील गहुली या गावी बंजारा कुटुंबात झाला. बंजारा समाज पूर्वी बैलांच्या तांड्यांवरून धान्य व मीठ यांची वाहतूक करीत असे. रेल्वे आणि पक्के रस्ते आल्यावर हा व्यवसाय बुडाला आणि अनेक तांडे डोंगरउतारावरील हलक्या जमिनींवर स्थिरावले. नाईक यांचे आजोबा चतुरसिंग यांनी गहुली येथे वस्ती करून शेती सुरू केली. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात. पुढे तेच या घराण्याचे आडनाव झाले. वडील फुलसिंग हे तांड्याचे प्रमुख होते. आईचे नाव हुनाबाई आणि थोरल्या भावाचे नाव राजुसिंग होते.

अशाच प्रकारे स्थिरावलेले बंजारा तांडे मराठवाड्यातही मोठ्या संख्येने आहेत. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगेतील हलक्या जमिनींवर त्यांची वस्ती आढळते.

शिक्षण, विवाह आणि वकिली

गहुलीत शाळा नसल्यामुळे नाईक यांचे प्राथमिक शिक्षण आसपासच्या वेगवेगळ्या गावांत झाले. माध्यमिक शिक्षणासाठी ते अमरावती व नागपूर येथे गेले. नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयातून त्यांनी १९३८ मध्ये बी.ए. ही पदवी घेतली आणि १९४० मध्ये ते एलएल.बी. झाले. १९४१ मध्ये नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा आंतरजातीय विवाह होता आणि त्या काळात दोन्ही समाजांतून त्याला विरोध झाला. त्यांना अविनाश व निरंजन असे दोन मुलगे झाले.

वकिलीच्या सुरुवातीच्या काळात अमरावतीत त्यांना पंजाबराव देशमुख यांचा सहवास लाभला. शेतकऱ्यांचे शिक्षण, त्यांची संघटना आणि शेतीचे शास्त्र यांविषयीच्या देशमुखांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. नंतर त्यांनी पुसद येथे वकिली केली. अशिलांमध्ये शेतकरी मोठ्या संख्येने असल्याने जमिनीचे वाद, सावकारी आणि महसुली कायदे यांची त्यांना जवळून ओळख झाली. वकिलीबरोबर त्यांनी स्वतःची शेतीही सांभाळली.

राजकीय वाटचाल

नाईक यांनी १९४६ मध्ये काँग्रेस पक्षात प्रवेश केला. त्याच वर्षी ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते तत्कालीन मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून आले आणि रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ आणि हैदराबाद संस्थानातून आलेला मराठवाडा हे दोन्ही प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाले. या राज्यात नाईक यांच्याकडे प्रथम सहकार आणि १९५७ पासून कृषी खाते आले.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर यशवंतराव चव्हाण यांच्या मंत्रिमंडळात ते महसूलमंत्री झाले. शेतजमिनीच्या कमाल धारणेवर मर्यादा घालणारा १९६१ चा कायदा याच काळात संमत झाला. लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी १९६० मध्ये नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. ही समिती नाईक समिती या नावाने ओळखली जाते. तिच्या अहवालावरून महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ तयार झाला आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा कामाला लागल्या. कृषी विस्तार, पशुसंवर्धन आणि लघुसिंचन यांसारखी कामे जिल्हा पातळीवर आल्यामुळे पुढील दशकातील बियाणे-प्रसाराला आणि दुष्काळी कामांना एक तयार यंत्रणा मिळाली.

मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे नोव्हेंबर १९६३ मध्ये निधन झाले. त्यानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी नाईक मुख्यमंत्री झाले. १९६७ आणि १९७२ च्या निवडणुकांनंतरही हे पद त्यांच्याकडेच राहिले.

अन्नटंचाई आणि संकरित ज्वारी

नाईक यांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा महाराष्ट्र हे अन्नधान्याची तूट असलेले राज्य होते. मुंबईसारख्या महानगराची गरज भागविण्यासाठी परराज्यांतील व आयात केलेल्या धान्यावर अवलंबून राहावे लागे. बहुतांश शेती पावसावर अवलंबून होती आणि ज्वारी हे लोकांचे मुख्य अन्न होते. १९६५-६६ मध्ये देशभर अवर्षण पडल्याने टंचाई तीव्र झाली. त्या सुमारास नाईक यांनी पुण्यातील जाहीर सभेत दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्याची प्रतिज्ञा केली आणि तसे न झाल्यास आपल्याला फाशी द्यावी, असे सांगितले. ही घोषणा पुढे त्यांच्या समर्थकांनी आणि टीकाकारांनीही वारंवार आठवली.

या प्रयत्नांचा मुख्य आधार संकरित बियाणे हा होता. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या प्रकल्पातून सी.एस.एच.-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण १९६४ मध्ये प्रसारित झाला. स्थानिक ज्वारी उंच वाढणारी आणि उशिरा पक्व होणारी होती. नवा वाण बुटका होता आणि सुमारे शंभर दिवसांत काढणीस येई. खताला तो चांगला प्रतिसाद देत असल्यामुळे खरिपातील त्याचे उत्पादन स्थानिक वाणांपेक्षा बरेच जास्त येत असे. मात्र संकरित पिकातील दाणे पुन्हा पेरल्यास तेच गुण टिकत नाहीत, म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी नवे बी घ्यावे लागते. असे बी तयार करण्यासाठी नर व मादी वाणांच्या ओळी विलग क्षेत्रात आलटून पालटून लावाव्या लागतात.

बीजोत्पादनाची ही पद्धत महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी लवकर आत्मसात केली. बीड जिल्ह्याच्या उत्तरेला असलेल्या जालना येथे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. पुढे जालना हे देशातील बियाणे उद्योगाचे एक प्रमुख केंद्र बनले. नाईक दौऱ्यांमध्ये संकरित पिकांच्या शेतांना भेटी देत आणि शेतकऱ्यांशी बियाणे, खते व पेरणीच्या वेळा यांविषयी चर्चा करीत. ज्वारीबरोबरच मका, बाजरी आणि कापूस यांच्या संकरित वाणांचाही प्रसार झाला.

नव्या वाणांच्या मर्यादाही लवकरच दिसू लागल्या. लवकर पक्व होणाऱ्या ज्वारीची कणसे परतीच्या पावसात सापडली की दाणे काळे पडत व त्यांना बाजारात भाव मिळत नसे. खोडमाशीचा उपद्रव वाढला. बुटक्या ताटांमुळे कडबा कमी मिळे आणि जनावरांवर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याला तो तोटा जाणवे. अनेकांना या ज्वारीची भाकरी चवीला कमी वाटे. बोलीभाषेत हायब्रीड हा शब्द निकस या अर्थाने रूढ झाला. संकरित बाजरीवर १९७० च्या दशकात केवडा रोगाने मोठे संकट आले. बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा यांसारख्या तालुक्यांत रब्बी ज्वारी जमिनीतील साठलेल्या ओलाव्यावर वाढते. तेथे खरिपासाठी तयार केलेले संकरित वाण उपयोगी पडले नाहीत. रब्बीत शेतकरी प्रामुख्याने मालदांडी या जुन्या निवड वाणावरच अवलंबून राहिले. त्यामुळे हलक्या जमिनीसाठी आणि कमी पावसासाठी वेगळे, स्थानिक संशोधन आवश्यक असल्याचे स्पष्ट झाले.

कृषी विद्यापीठे आणि मराठवाडा

कृषी शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एका संस्थेत असावीत, या कल्पनेवर देशात १९६० च्या दशकात कृषी विद्यापीठे सुरू झाली. महाराष्ट्रात राहुरीचे विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाले. विद्यापीठ कोठे असावे हा मोठ्या वादाचा विषय झाला. विदर्भात अकोल्याच्या मागणीसाठी १९६७ मध्ये आंदोलन झाले आणि त्यात तरुणांचे बळी गेले. १९६९ मध्ये अकोला येथे विद्यापीठ स्थापन होऊन त्याला पंजाबराव देशमुख यांचे नाव देण्यात आले. मराठवाड्यातही अशीच मागणी जोर धरत होती. अखेर १८ मे १९७२ रोजी परभणी आणि दापोली येथे आणखी दोन विद्यापीठे अस्तित्वात आली. एका राज्यात चार विभागांसाठी चार कृषी विद्यापीठे ही रचना अशा रीतीने शासकीय योजना आणि लोकांचा आग्रह या दोहोंतून घडली.

परभणीची निवड करण्यामागे तेथील जुनी पूर्वपीठिका होती. हैदराबाद संस्थानाच्या काळापासून तेथे कृषी संशोधनाचे काम चालत असे आणि १९५६ मध्ये कृषी महाविद्यालयही सुरू झाले होते. मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात बीडसह मराठवाड्यातील सर्व जिल्हे येतात. विद्यापीठाच्या नांदेड केंद्राने एन.एच.एच.-४४ हा कोरडवाहू कापसाचा संकरित वाण दिला, तर बदनापूर केंद्राने तुरीचे वाण विकसित केले. परभणी मोती हा रब्बी ज्वारीचा वाण याच विद्यापीठातून पुढे आला. बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. बालाघाटच्या खडकाळ उतारांवर कमी पाण्यात तग धरणारे सीताफळ हे या भागाचे वैशिष्ट्यपूर्ण फळ असून बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. गेवराई तालुक्यातील खामगाव येथे विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. यांपैकी बहुतेक काम नाईक यांच्या कारकिर्दीनंतर झाले.

सिंचन आणि वीज

गोदावरी नदीवर पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली. या प्रकल्पाच्या उभारणीत तत्कालीन पाटबंधारे मंत्री शंकरराव चव्हाण यांचा मोठा वाटा होता. प्रकल्पाचे उद्घाटन फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी केले. जायकवाडीचा उजवा कालवा बीड जिल्ह्यात येतो आणि दुसऱ्या टप्प्यात तो सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणाशी जोडला गेला. परळी वैजनाथ येथील औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. राज्यात याच काळात विहिरींवर विजेचे पंप बसविण्याचा वेग वाढला.

या सोयींचा लाभ जिल्ह्यात सारखा पोहोचला नाही. गोदाकाठच्या गेवराई व माजलगाव भागात कालव्याचे पाणी आले. बालाघाटच्या माथ्यावरील आणि पश्चिमेकडील तालुके कोरडेच राहिले. कालव्याच्या क्षेत्रात ऊस वाढला आणि मर्यादित पाण्याचा मोठा भाग एकाच पिकाकडे वळू लागला.

१९७२ चा दुष्काळ

१९७० पासून पाऊस सलग कमी पडत गेला आणि १९७२ मध्ये खरीप व रब्बी दोन्ही हंगाम बुडाले. बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर, सोलापूर, पुणे आणि सांगली हे सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांपैकी होते. संकरित बियाण्यांमुळे वाढलेले उत्पादन पावसाअभावी कोसळले. स्वयंपूर्णतेची प्रतिज्ञा केलेल्या राज्याला पुन्हा बाहेरच्या धान्यावर विसंबावे लागले. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी या त्या वर्षांच्या आठवणी मराठवाड्यातील लोकांच्या बोलण्यात दीर्घकाळ राहिल्या.

या काळात नाईक सरकारने मोफत धान्यवाटपाऐवजी मागेल त्याला काम देण्यावर मुख्य भर दिला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. मजुरांमध्ये स्त्रियांची संख्या मोठी होती. रोख मजुरी हाती असल्याने लोकांना धान्य विकत घेता आले आणि मोठ्या प्रमाणावरील भूकबळी टळले. दुष्काळनिवारणाच्या अभ्यासकांनी हे उदाहरण महत्त्वाचे मानले आहे.

सुरुवातीला खडी फोडणे आणि रस्ते यांवर भर होता. नंतर पाझर तलाव, नाला बांध आणि समपातळी बांधबंदिस्ती अशा उत्पादक कामांना प्राधान्य देण्यात आले. पाझर तलावातून कालवा काढला जात नाही. अडविलेले पाणी जमिनीत मुरून खालच्या बाजूच्या विहिरींना मिळावे, हा त्याचा हेतू असतो. बीड जिल्ह्यातील बेसाल्ट खडकाच्या प्रदेशात पाणी धरून ठेवणारा थर उथळ असल्याने अशा कामांना विशेष महत्त्व होते. काही कामे मात्र अपुरी राहिली, काहींच्या जागा चुकल्या आणि अनेक तलाव पुढे गाळाने भरले.

दुष्काळानंतर बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडणीसाठी होणारे हंगामी स्थलांतर वाढले. डोंगरपट्ट्यातील अल्पभूधारक आणि तांड्यांवरील कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडत आणि उन्हाळ्यात परतत. सिंचनाच्या प्रदेशातील ऊस आणि कोरडवाहू प्रदेशातील मजूर यांचे हे नाते आजही टिकून आहे.

रोजगार हमी आणि कापूस खरेदी

ग्रामीण भागात कामाची हमी देण्याची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची होती. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. नाईक यांनी या योजनेला राजकीय पाठबळ दिले आणि १९७२ मध्ये ती राज्यभर लागू झाली. विधिमंडळाने १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप दिले व २६ जानेवारी १९७९ पासून हा कायदा अमलात आला. १९९० मध्ये या योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि कोरडवाहू जमिनीत फळझाडांखालील क्षेत्र वाढले. देशपातळीवरील २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यासाठी महाराष्ट्राचा अनुभव उपयोगी पडला.

कापूस उत्पादकांना व्यापाऱ्यांच्या मनमानीपासून संरक्षण मिळावे म्हणून १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. विदर्भ आणि मराठवाड्यातील शेतकऱ्यांना तिच्यामुळे हमखास ग्राहक मिळाला. पैसे मिळण्यातील विलंब, प्रतवारीवरील वाद आणि वाढता तोटा यांमुळे पुढे ही योजना अडचणीत आली.

उत्तरायुष्य

२० फेब्रुवारी १९७५ रोजी नाईक यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि शंकरराव चव्हाण त्यांच्या जागी आले. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत ते वाशीम मतदारसंघातून निवडून आले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक हे १९९१ ते १९९३ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत १९९२ मध्ये स्वतंत्र जलसंधारण विभाग स्थापन झाला.

मूल्यमापन

नाईक यांनी शेतीचा प्रश्न केवळ दिलाशाचा न मानता संशोधनाचा आणि नियोजनाचा मानला, हे त्यांचे वेगळेपण सांगितले जाते. बियाणे, खत, पाणी, वीज आणि हमीची खरेदी यांची सांगड घालण्याचा त्यांनी प्रयत्न केला. दीर्घ कार्यकाळामुळे या धोरणात सातत्य राहिले.

त्यांच्या धोरणावर प्रामुख्याने दोन आक्षेप घेतले गेले. पहिला असा की, विकत घ्यावी लागणारी बियाणी व रासायनिक खते यांमुळे शेतकऱ्याचा रोख खर्च वाढला आणि लाभ सिंचनाची सोय असलेल्यांना अधिक मिळाला. दुसरा असा की, प्रादेशिक असमतोल कमी झाला नाही. १९७२ च्या दुष्काळाने केवळ अधिक उत्पादन देणारे वाण पुरेसे नसल्याचे दाखवून दिले. मृदसंधारण, पाणी मुरविणे आणि मजुरीची हमी यांना त्यानंतरच्या धोरणात जे स्थान मिळाले, त्याची सुरुवात मात्र नाईक यांच्याच कार्यकाळात झाली होती.

सन्मान आणि स्मारके

नाईक यांच्या जन्मशताब्दी वर्षात, २०१३ मध्ये, परभणीच्या विद्यापीठाचे नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असे करण्यात आले. नागपूर येथील राज्य कृषी विस्तार व्यवस्थापन प्रशिक्षण संस्था, म्हणजेच वनामती, त्यांच्या नावाने ओळखली जाते. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठीच्या राज्य विकास महामंडळालाही त्यांचे नाव आहे. मुंबईतील मुख्यमंत्र्यांच्या शासकीय निवासस्थानाचे वर्षा हे नाव नाईक यांनी मंत्री असताना तेथे राहावयास आल्यावर दिले होते. तेव्हापासून ते नाव कायम आहे.